कोल्हापुरात मोजलेली इंग्रजी

मुखपृष्ठ फाटलेली एक इंग्रजी कादंबरी आपल्या हाती आली आहे असे समजा. लेखकाचे नाव कळायला मार्ग नाही. तरी पाच-सहा पाने वाचली की बहुतेक वाचक सांगतात, "लेखक आपल्याकडचा दिसतो." हे त्यांना कशावरून कळते? पात्रांची आणि गावांची नावे काळ्या शाईने खोडून टाकली तरी कळेल का?

वर्गात विचारून पाहा. मुले साडी, चपाती, पंचायत असे शब्द दाखवतील. इंग्रजीचे शिक्षक वाक्यरचनेवर बोट ठेवतील आणि हळूच पुस्ती जोडतील की खरे तर या चुकाच आहेत, लेखक मोठा म्हणून खपून गेल्या. तेच वाक्य विद्यार्थ्याच्या वहीत आले असते तर त्याखाली लाल रेघ पडली असती. ही रेघ कुठे मारायची आणि कुठे नाही, याला आधार काय? तो आधार शोधण्याचा एक चिकाटीचा प्रयत्न आपल्याच महाराष्ट्रात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात झाला. विज्ञान शिकवणाऱ्यांनी तो माहीत करून घ्यावा असे आम्हांस वाटते, कारण तो मुळात मोजमापाचा प्रयत्न आहे.

आर. के. नारायण यांची 'स्वामी अँड फ्रेंड्स' आणि मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल' या दोन्ही कादंबऱ्या १९३५ सालच्या. राजा राव यांची 'कांतापुरा' १९३८ची. तिन्हींत भारतीयपण आहे, पण ते तीन वाटांनी येते. आनंद उत्तरेकडच्या शिव्या आणि वाक्प्रचार शब्दशः इंग्रजीत उतरवतात. राजा राव यांची निवेदक एक म्हातारी बाई आहे आणि तिचे वाक्य पुराण सांगितल्यासारखे लांबत जाते. नारायण यांची इंग्रजी मात्र इतकी साधी की तिच्यात भारतीय असे काय आहे हे पटकन दाखवता येत नाही. मग या तिघांत समान असे काही आहे, की 'भारतीय इंग्रजी' ही नुसती आपल्या मनाची समजूत?

डोळ्याची एक खोड आहे. जे विरळा तेच तो टिपतो. शेतात हजार रोपे असली तरी आपण त्यातले एक लाल फूल पाहतो. कादंबरी वाचतानाही 'पंचायत' हा शब्द लक्षात राहतो, पण त्या पानावर 'द', 'ऑफ', 'अँड' किती वेळा आले हे कुणालाच सांगता येत नाही. आता हा आकडा पाहा. इंग्रजीच्या दहा लाख शब्दांच्या एका प्रसिद्ध नमुन्यात सुमारे पन्नास हजार वेगवेगळे शब्द सापडले, पण एकूण मजकुराचा निम्मा भाग केवळ १३५ शब्दांनी भरलेला निघाला. एकट्या 'द'चा वाटा सुमारे ७ टक्के. उलट, वेगवेगळ्या शब्दांपैकी जवळजवळ निम्मे शब्द फक्त एकेकदाच भेटले. म्हणजे भाषेचे बहुतेक वजन आपल्या नजरेतून सुटणाऱ्या मूठभर शब्दांवर आहे. लेखकाची लकब तिथे दडलेली असेल तर ती वाचून सापडणार नाही, मोजूनच सापडेल.

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. ऑगस्टस द मॉर्गन या गणितज्ञाने १८५१ साली एका पत्रात सुचवले होते की, शब्दांची सरासरी लांबी मोजली तर दोन मजकूर एकाच हातचे आहेत की नाहीत हे ठरवता येईल. (हे द मॉर्गन जन्माने आपल्याकडचे, मदुराईचे.) ती सूचना प्रत्यक्षात आणली अमेरिकेतले पदार्थवैज्ञानिक टी. सी. मेंडेनहॉल यांनी. एखाद्या मूलद्रव्याची ओळख त्याच्या वर्णपटावरून पटते, तशी लेखकाची ओळख त्याच्या शब्दांच्या लांबीच्या आलेखावरून पटावी, असा त्यांचा विचार. १८८७ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी डिकन्सची 'ऑलिव्हर ट्विस्ट' आणि थॅकरेची 'व्हॅनिटी फेअर' या कादंबऱ्यांतले हजार-हजार शब्दांचे तुकडे घेऊन एक अक्षरी शब्द किती, दोन अक्षरी किती, असे आलेख काढले.

पुढे १९०१ साली त्यांनी शेक्सपिअर आणि बेकन यांची तुलना केली. शेक्सपिअरची नाटके बेकननेच लिहिली, असा एक वाद तेव्हा जोरात होता. बॉस्टनच्या एका धनिकाने खर्च दिला, दोन स्त्रियांनी महिनोन्महिने बसून सुमारे वीस लाख शब्द मोजले. निकाल स्वच्छ वाटला: शेक्सपिअरमध्ये चार अक्षरी शब्द सर्वांत अधिक, बेकनमध्ये तीन अक्षरी. लेखक वेगळे! पण १९७५ साली सी. बी. विल्यम्स या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञांनी या निकालातली मेख दाखवली. शेक्सपिअरचा मजकूर बहुतांशी पद्य होता, बेकनचा गद्य. फिलिप सिडनी या एकाच लेखकाचे गद्य आणि पद्य मोजले तर त्यांतही तसाच फरक निघतो. मेंडेनहॉल यांनी लेखक मोजले नव्हते, गद्य आणि पद्य मोजले होते.

प्रयोगशाळेत हे आपण मुलांना पहिल्या दिवशी सांगतो: एक गोष्ट बदला, बाकीच्या कायम ठेवा. भाषेच्या बाबतीत ते कसे करायचे?

आम्ही अंबरनाथच्या बुवापाड्यात राहतो. तिथल्या गल्लीत शंभर वाक्ये टिपली, कारखाना सुटायच्या वेळी रस्त्यावर शंभर टिपली आणि दोन-तीन मैलांवर उल्हासनगरच्या बाजारात सिंधी दुकानदारांसमोर उभे राहून शंभर टिपली, तर तीन वेगळे निष्कर्ष निघतील. 'इथले लोक अमुक बोलतात' असे म्हणायचे तर कुठे, कोणाचे, कोणत्या प्रसंगी आणि किती टिपायचे हे आधी ठरवावे लागते, आणि शेजारच्या गावाशी तुलना करायची तर तिथेही त्याच प्रमाणात टिपावे लागते. अशा ठरवून घेतलेल्या, यंत्राला वाचता येईल अशा रूपात साठवलेल्या मजकुराच्या नमुन्याला भाषावैज्ञानिक 'कॉर्पस' म्हणतात.

यंत्राशिवाय अशी कामे आपल्याकडे झालेली आहेत, हे जाता जाता सांगायला हवे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. एक शब्द, तो कुठे आला, कोणत्या अर्थाने आला, एक चिठ्ठी. हे सारे हातांनी! पण कोशाची चिठ्ठी मुख्यतः विरळ शब्दासाठी आणि वेगळ्या अर्थासाठी असते. 'च' आणि 'वा' यांचे प्रमाण काढायला ती उपयोगी पडत नाही.

ते काम अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात नेल्सन फ्रान्सिस आणि हेन्री कुचेरा यांनी केले. १९६१ या एकाच वर्षी अमेरिकेत छापलेल्या मजकुरातून त्यांनी ५०० नमुने निवडले, प्रत्येकी सुमारे २००० शब्दांचे. बातम्या, अग्रलेख, धर्म, शास्त्रीय लेख, रहस्यकथा, प्रेमकथा अशा पंधरा वर्गांत त्यांची विभागणी केली आणि सारा मजकूर छिद्रपत्रांवर उतरवला. १९६४ साली ते पूर्ण झाले. फ्रान्सिस यांनी एक आठवण सांगितली आहे. रॉबर्ट लीस या भाषावैज्ञानिकांनी या कामाची चौकशी केली आणि ऐकून म्हटले की हा वेळेचा आणि सरकारी पैशाचा निव्वळ अपव्यय आहे. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे तो माणूस दहा मिनिटांत हवी तेवढी उदाहरणे स्वतःच्या डोक्यातून काढू शकतो. तो चॉम्स्की यांच्या विचारांचा बहराचा काळ होता, त्यामुळे अशी टीका करणारे लीस एकटे नव्हते.

आमच्या मते कोल्हापूरच्या कामाचे महत्त्व या आक्षेपातूनच कळते. मातृभाषिकाला विचारा, असे लीस म्हणतात. पण भारतीय इंग्रजीचा मातृभाषिक कुठे शोधायचा? आपल्यापैकी बहुतेकांची ती दुसरी किंवा तिसरी भाषा. एखादे वाक्य बरोबर वाटते का, असे दहा शिक्षकांना विचारले तर दहाही जण स्वतःच्या कानाला कौल न लावता शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकाला लावतील, आणि ते पुस्तक इंग्लंडच्या वळणाचे. अमेरिकेत कॉर्पस ही सोय असेल, इथे मात्र भारतीय लोक खरोखर काय लिहितात हे कळण्याचा दुसरा भरवशाचा मार्गच नव्हता.

ब्रिटिश इंग्रजीसाठी ब्राउनची प्रतिकृती करण्याचे काम लँकेस्टरला जेफ्री लीच यांनी १९७० साली सुरू केले. स्वामित्वहक्काच्या परवानग्या मिळवता मिळवता ते जवळजवळ बंद पडले, मग नॉर्वेतल्या ओस्लो आणि बर्गेन इथल्या संशोधकांनी ते उचलले आणि १९७८ साली पुरे केले. वर्ष तेच १९६१, वर्ग तेच पंधरा. तीन गावांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'लॉब' म्हणतात.

त्यानंतर हा आराखडा कोल्हापुरात आला. शिवाजी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी सी. टी. पाटीलकुलकर्णी आणि गीता शास्त्री यांच्या सहकार्याने भारतीय इंग्रजीचा कॉर्पस उभा केला. तेच ५०० नमुने, तेच २००० शब्द, तेच वर्ग. १९८६ साली त्याची माहितीपुस्तिका निघाली आणि बर्गेनच्या केंद्रातून तो जगभरच्या संशोधकांना मिळू लागला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा समाजाच्या इंग्रजीचा, ब्राउनच्या मापाचा हा पहिला कॉर्पस. १९६२ साली स्थापन झालेल्या विद्यापीठातून तो यावा याचे आम्हांस अजूनही अप्रूप वाटते.

एक गोष्ट मात्र मुद्दाम वेगळी ठेवली होती. मजकुराचे वर्ष १९६१ऐवजी १९७८ निवडले. स्वातंत्र्य मिळून तीस वर्षे झालेली, लिहिणारी पिढी भारतात शिकलेली. भारतीय इंग्रजीला स्वतःचे वळण असेलच तर ते एव्हाना दिसावे, असा हिशेब. हिशेब बरोबर होता, पण त्याची किंमतही होती, ती पुढे सांगतो.

कादंबरीच्या दृष्टीने सर्वांत बोलकी गोष्ट वर्गवारीत दिसते. ब्राउनमध्ये कथा-कादंबरी आणि विनोद मिळून १२६ नमुने होते, कोल्हापुरातही १२६च ठेवले. पण आतली वाटणी पाळता आली नाही. ब्राउनमध्ये साहसकथांचे २९ नमुने, कोल्हापुरात १५. प्रेमकथा तिकडे २९, इकडे १८. विज्ञानकथा तिकडे ६, इकडे जेमतेम २. उरलेली जागा सर्वसाधारण कादंबऱ्यांनी भरली: तिकडच्या २९ऐवजी ५८. भारतीय माणूस इंग्रजीत तेव्हा गंभीर कादंबरी लिहीत होता, पण आगगाडीत वाचायची हलकीफुलकी साहसकथा फारशी लिहीत नव्हता. ती त्याच्या मातृभाषेत लिहिली जात होती. विज्ञानकथेचेच पाहा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले होते. ती मराठीत होती. एकही शब्द मोजण्यापूर्वी नुसते नमुने गोळा करतानाच भारतीय इंग्रजीबद्दल एवढे कळले.

मग मोजल्यावर काय कळले? मुलांनी दाखवलेले साडी आणि पंचायत तिथे आहेतच, पण असे शब्द कुठल्याही भाषेत नव्या प्रदेशात गेल्यावर शिरतातच. शास्त्री यांचे लक्ष वेगळीकडे गेले: क्रियापदानंतर काय येते याकडे. काही क्रियापदांपुढे एक कर्म चालते, काहींपुढे दोन, काहींपुढे पूर्ण उपवाक्य लागते. हा शब्द आणि व्याकरण यांच्यामधला सांधा. नियमांच्या पुस्तकात तो पुरता येत नाही, शब्दकोशातही पुरता येत नाही, म्हणून परकी भाषा वापरणारा समाज नकळत तिथेच स्वतःची घडी बसवतो. पुढे जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाचे जॉयब्रतो मुखर्जी आणि त्यांचे सहकारी यांनी कोलकात्याच्या 'स्टेट्समन' दैनिकाच्या मजकुरावर हाच धागा पुढे नेला. 'गिव्ह' या क्रियापदापुढे दोन कर्मे येतात: कोणाला आणि काय. भारतीय लेखक 'गिफ्ट' या क्रियापदापुढेही तशीच दोन कर्मे ठेवतात. इंग्लंडमधल्या शिक्षकाने तिथे रेघ मारली असती. पण एखादी रचना अनेक लेखक, छापलेल्या मजकुरात, पुन्हा पुन्हा, एकाच पद्धतीने करत असतील, आणि तिच्यामागे 'गिव्ह'शी असलेले साम्य स्पष्ट दिसत असेल, तर तिला चूक म्हणणे कठीण आहे. चूक विखुरलेली असते. वळणाला दिशा असते. आपल्याकडच्या भाषेत, यादृच्छिक त्रुटी आणि पद्धतशीर कल यांतला हा भेद आहे, आणि तो एका वाक्यावरून कधीच ठरत नाही.

याचा अर्थ मुलाच्या वहीतली प्रत्येक रेघ पुसावी, असा नाही. छापील मजकुरात एकदाही न भेटणारी रचना वहीत सापडली तर रेघ हवीच.

आता ती किंमत. ब्राउन आणि लॉब १९६१चे, कोल्हापूर १९७८चे. सतरा वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतली भाषाही बदलत होती. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाने १९९१-९२ सालच्या मजकुराचे तसेच दोन कॉर्पस केल्यावर दिसले की 'मस्ट', 'शॅल', 'मे' यांसारखी सहायक क्रियापदे मधल्या तीस वर्षांत घटली. म्हणजे कोल्हापूर आणि लॉब यांत असा एखादा फरक दिसला, तर तो देशाचा की काळाचा? मेंडेनहॉल यांच्या गद्य-पद्यासारखाच हा पेच, फक्त थोडा सौम्य, कारण १९७८ हे वर्ष दोन्ही टोकांच्या मध्ये पडत असल्याने अंदाज बांधता येतो.

दुसरी मर्यादा कादंबरीची. २००० शब्द म्हणजे सहा-सात पाने. तेवढ्यात गावाची भाषा कळेल, घराची कळणार नाही. एखाद्या कादंबरीचे किंवा कादंबरीकाराचे वेगळेपण पाहायचे तर संपूर्ण पुस्तके हवीत. ऑस्ट्रेलियाच्या न्यूकॅसल विद्यापीठातले जॉन बरोज यांनी १९८७ साली जेन ऑस्टेनच्या सहा कादंबऱ्यांवर असे काम प्रसिद्ध केले. त्यांनी फक्त तीस सर्वसामान्य शब्द घेतले, 'द', 'ऑफ', 'आय', 'नॉट' असे, आणि प्रत्येक पात्राच्या संवादांत त्यांचे प्रमाण काढले. तेवढ्यावरून पात्रे एकमेकांपासून वेगळी ओळखता येतात! ऑस्टेनने हे काही मोजून लिहिले नव्हते. डिकन्सवर मायकेला माल्बर्ग यांनी सुटे शब्द न घेता पुन्हा पुन्हा येणारे शब्दांचे जुडगे मोजले. खिशात हात घालून उभे राहणे, शेकोटीकडे पाठ करणे अशा वर्णनांचे तेच तेच साचे डिकन्स वापरतो आणि त्यांतून पात्र उभे करतो, हे वाचताना जाणवते, पण किती ते मोजल्यावरच कळते.

डिकन्स आणि ऑस्टेन स्वामित्वहक्कातून केव्हाच मुक्त झाले, म्हणून हे शक्य झाले. आपले इंग्रजी कादंबरीकार बरेचसे अलीकडचे. आनंद २००४ साली गेले, राजा राव २००६ साली. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे भारतात हक्क राहतो. त्यामुळे नारायण यांच्या साधेपणात काय दडले आहे याचा हिशेब बरोज यांच्यासारखा खुल्या मजकुरावर मांडायला बराच अवकाश आहे. शास्त्री यांनी बर्लिनचे गेरहार्ड लाइटनर यांच्याबरोबर केलेला दुसरा भारतीय कॉर्पस २००२ साली उपलब्ध झाला. त्यात बोलीला मोठी जागा मिळाली, पाचशेपैकी तीनशे नमुने बोललेल्या इंग्रजीचे. कथात्म साहित्याचे मात्र वीसच. कादंबरीसाठी आजही १९७८चे ते १२६ नमुनेच अधिक कामाचे आहेत.

वर्गात हे करून पाहायला संगणक लागत नाही. पाठ्यपुस्तकांतून एका भारतीय आणि एका इंग्रज लेखकाची गोष्ट घ्या. दोन्ही गोष्टीच हव्यात, एक गोष्ट आणि एक निबंध नको. का ते मुलांनाच विचारा. प्रत्येकी हजार शब्द मोजा आणि 'द', 'ऑफ', 'अँड', 'टु', 'इन' यांच्या खुणा पाच-पाचच्या गठ्ठ्यांनी मांडा. मग फरकावर उडी घेण्याआधी एक साधा नियम सांगा: मोजणी जेवढी येते तिच्या वर्गमूळाइतका चढउतार नुसत्या योगायोगानेही होतो. एकीकडे 'इन' १६ वेळा आणि दुसरीकडे २० वेळा आला, तर तो फरक नव्हे, कारण १६चे वर्गमूळच ४ आहे. १६ आणि ४० आले तर थांबून पाहावे. प्रत्यक्षात शब्द फाशांसारखे सुटे पडत नाहीत, घोळक्याने येतात, म्हणून याहूनही सावध राहिलेले बरे.

मग तेच मराठीत करायला सांगा, आणि मुले लगेच अडतील. इंग्रजीतला 'ऑफ' सुटा उभा असतो, मोजायला सोपा. आपला 'चा-ची-चे' शब्दाला चिकटलेला. 'घरात', 'घराला', 'घरातल्यांनाच' हे तीन शब्द की एकाच शब्दाची तीन रूपे? 'आणि' व 'व' सुटे सापडतील, पण 'ही' आणि 'च' यांचे काय करायचे? १९९१ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय भाषांचे कॉर्पस करायला घेतले, प्रत्येक भाषेचे सुमारे तीस लाख शब्द हे उद्दिष्ट; मराठीचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे होते, त्याच चिठ्ठ्यांच्या घरी. मराठी कादंबरीकाराची लकब तिच्यातून काढायची तर आधी शब्द कुठे तोडायचा हे ठरवावे लागते, आणि तो निर्णय घेण्यासाठी मुलांना व्याकरणाचे पुस्तक पुन्हा उघडावे लागेल.